पणजी कधी गेली? गावातल्या मरणाच्या नोंदी शोधायच्या कशा

आमच्या घरी पणजीचं पान अविधवा नवमीला वाढतात. माझ्या आठवणीत तरी त्यात कधी खंड पडलेला नाही. भाजणीचे वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं जिथल्या तिथे. पण पणजी गेली कोणत्या साली, हे विचारलं की घरातली सगळी मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. गेल्या वर्षी पुतण्याने घराण्याची वंशावळ काढायला घेतली आणि पणजीच्या चौकटीत त्याने प्रश्नचिन्ह टाकलं. ते प्रश्नचिन्ह काढायला मी दोन तहसील कार्यालयं, एक ग्रामपंचायत आणि त्र्यंबकेश्वरची एक ओसरी फिरलो. त्या फिरण्यात जे कळलं ते इथे सांगतो, कारण असा शोध घेणारे बरेच जण पहिल्याच खिडकीवरून परत येतात.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात, राख नदीत जाते आणि जागेवर काही उरत नाही. दगडावरचं नाव वाचून साल काढायची सोय आपल्यापैकी थोड्यांनाच आहे. बाकीच्यांना कागदच शोधावा लागतो. आणि गंमत अशी, की यातला एकही कागद मेलेल्या माणसाची आठवण राहावी म्हणून केलेला नाही. सरकारला साथीची भीती होती म्हणून एक वही झाली. जमिनीचा सारा कोण भरणार हे ठरवायचं होतं म्हणून दुसरी झाली. उपाध्यायाला पिढीजात यजमान हातचा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून तिसरी. तेव्हा पहिला प्रश्न ‘नोंद कुठे आहे’ हा नाही. या माणसाच्या मरणाशी तेव्हा कुणाला देणंघेणं होतं, ते आधी विचारायचं.

घरातला पुरावा आधी

कचेरीत जाण्यापूर्वी घरचं श्राद्ध बघा. त्यात बरंच काही दडलेलं असतं. पितृपक्षात श्राद्ध होतं ते मृत्यूच्या तिथीला. महिना कोणताही असो, तिथी तीच. वर्षश्राद्ध होत असेल तर महिना आणि पक्षही कळतो. पण काही तिथी राखीव असतात. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याचं चतुर्दशीला, संन्याशाचं द्वादशीला. तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. म्हणजे आजोबांच्या आजोबांचं श्राद्ध चतुर्दशीला होत असेल, तर ते बहुधा विहिरीत पडून, भांडणात, झाडावरून पडून गेले असतील. घरात कुणी बोलत नसलं तरी श्राद्धाची तिथी बोलते.

आमच्या पणजीची नवमी तारीख सांगत नव्हती, पण क्रम सांगत होती. पणजोबांच्या आधी ती गेली, एवढं नक्की झालं.

तिथीचा दुसरा उपयोग पडताळ्याचा. समजा वहीत एका नावाच्या दोन नोंदी सापडल्या. दोन्ही तारखांची तिथी जुन्या पंचांगावरून किंवा जंत्रीवरून काढायची. घरी चालत आलेल्या तिथीशी जी जुळते ती आपली. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर घाबरायचं कारण नाही. माणूस रात्री गेला आणि वहीत दुसऱ्या दिवशी चढला, हे नेहमीचंच.

कोतवाल बुक

आता मुख्य वही. महसुली भाषेत तिला गाव नमुना १४ म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र ती कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची ही नोंदवही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारला पटकी, देवी आणि पुढे प्लेग यांचा हिशेब हवा झाला. कोणत्या तालुक्यात साथ शिरली हे कळायचा तेव्हा एकच मार्ग होता, मढी मोजणे. मोजायचं काम गावच्या चाकरांवर आलं. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर भागात, कोतवाल वही काखोटीला मारून ठाण्यावर जायचा. त्याला बहुधा लिहिता येत नसे. तो आठवून सांगायचा आणि ठाण्यातला कारकून लिहायचा.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की वहीतल्या अर्ध्या गोंधळाचा उलगडा होतो. नाव कोतवालाच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेलं असतं. वय अंदाजाचं असतं, म्हणून तीस, चाळीस, पन्नास, साठ असे पूर्ण दहांचे आकडे फार. तारीख कधी मरणाची असते, कधी सांगितल्याची. आणि मरणाचं कारण सांगणारा डॉक्टर नव्हता, त्यामुळे रकान्यात मोजकेच शब्द फिरतात: ताप, पटकी, देवी, हगवण, खोकला, अपघात. त्यातही ‘ताप’ म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारी धर्मशाळाच. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षय, सगळे तिथेच मुक्कामाला. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, तीसुद्धा बहुतेक ठिकाणी ‘ताप’ म्हणूनच चढली. त्या साथीत देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली. ते अंदाज बांधताना अभ्यासकांनी याच गावोगावच्या वह्यांच्या बेरजा घेतल्या आणि नेहमीच्या वर्षांपेक्षा त्या वर्षी ‘ताप’ किती फुगला ते पाहिलं.

जन्माच्या नोंदी वाचताना आणखी एक फसगत होते. बाळाचं नाव तिथे नसतंच. बारसं बाराव्या दिवशी, वहीत नोंद त्याआधी. मग ‘अमक्याला मुलगा’, ‘तमक्याला मुलगी’ एवढंच. बारशाच्या आधी गेलेलं मूल मृत्यूच्या बाजूलाही बिननावाचं चढतं. आपण आजोबांचं नाव शोधत पानं उलटत बसतो आणि आजोबा तिथेच पणजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ म्हणून पडलेले असतात.

या वहीत जातीचा रकाना असतो, आणि त्या एका रकान्यामुळे गेल्या काही वर्षांत तिचं नशीब पालटलं. जातपडताळणीत कागद जितका जुना तितकं त्याचं वजन अधिक. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा धरतात, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा कोतवाल बुकं पोतडीतून बाहेर आली, त्यांचे फोटो निघाले आणि बऱ्याच जिल्ह्यांनी ते आपल्या संकेतस्थळांवर चढवले. शंभर वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या माणसाच्या नावापुढचा एक शब्द आज त्याच्या खापरपणतवाच्या प्रवेशाचा प्रश्न सोडवतो. ज्यांना फक्त घराण्याचा इतिहास हवा आहे, त्यांनी या गर्दीचे आभारच मानावेत. पूर्वी ही वही मागितली की कचेरीतला माणूस आपल्यालाच खुळ्यात काढायचा. आता ती कुठल्या कपाटात आहे हे त्याला तोंडपाठ असतं.

मागायची कशी? तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. गावाचं नाव, तालुका आणि नमुना क्रमांक लिहायचा, आणि सालाचा अंदाज द्यायचा. नुसतं ‘आमच्या पणजोबांची नोंद द्या’ असं लिहिलं तर अर्ज फायलीत झोपतो. ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, १९१५ ते १९२५’ असं लिहिलं तर निदान रुमाल सुटतो. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधायचं कापड. दप्तरखान्यात आजही हाच शब्द चालतो. दुसरं, तालुका आजचा धरू नका. तालुके फुटले, गावं इकडून तिकडे गेली, पण जुनी दप्तरं कितीदा मूळ तालुक्यातच राहिली. मला दोन कचेऱ्या फिराव्या लागल्या त्या याचमुळे.

फेरफार: जमीन असली तर

कोतवाल बुक फाटलं, भिजलं, वाळवीने खाल्लं, तर दुसरा रस्ता जमिनीतून जातो. माझ्या मते तो जास्त भरवशाचा. मरणाबद्दल कुणी खोटं बोलत नाही, पण आळस मात्र करतं. जमिनीच्या बाबतीत आळस परवडत नाही.

खातेदार मेला की त्याच्या वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि त्यावरून नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, फेरफार पडतो. आजच्या कायद्यात मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. फेरफाराचा मजकूर साधारण एकाच साच्यातला: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस पुढीलप्रमाणे, पैकी अमुक अज्ञान, सबब अमुक यांचे नाव दाखल केले. एका परिच्छेदात मरणाची तारीख, बायको, मुलं, मुली, कोण तेव्हा लहान होतं आणि घराचा कारभार कुणाच्या हाती गेला, एवढं सगळं येतं. सातबाऱ्यावर नावाभोवती किंवा शेजारी गोलात छोटे आकडे दिसतात ना? ते फेरफाराचे क्रमांक. त्यांचा धागा धरून मागे मागे जायचं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत, त्यामुळे हे काम घरबसल्याही होतं.

जुन्या फेरफाराची भाषा मात्र एक वेगळीच बोली आहे. ‘गणू बिन रामजी’ म्हणजे रामजीचा मुलगा गणू. विदर्भ-मराठवाड्यात तिथे ‘वल्द’ येतं. बाईचं नाव असेल तर ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘भ्रतार’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. यातला ‘मर्द’ वाचून एका तरुण मित्राने आपल्या खापरपणजीला पुरुष ठरवून टाकलं होतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस लहान असताना त्याच्या वतीने बघणारा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण तिथे एकाच भावाचं नाव दिसतं आणि बाकीचे भाऊ कागदावरून गायब असतात. ते मेलेले नसतात, मोठ्या भावाच्या नावाआड उभे असतात.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचं काय? त्यांच्या मरणाशी महसूल खात्याला कर्तव्य नव्हतं. कूळ, सालगडी, बलुतेदार, आणि जवळजवळ सगळ्या बायका, यांच्यासाठी फेरफाराची वही गप्प असते. त्यातही विचित्र गोष्ट ही, की मयताचा सांगावा गावोगाव पोचवणं आणि सरणाची लाकडं वाहणं हे काम महारकीत ज्यांच्या माथी मारलेलं होतं, त्यांच्याच घरातल्या मरणांचा माग लावणं आज सगळ्यात अवघड जातं.

मोडी, फसली आणि इतर अडथळे

नोंद हाती आली म्हणजे वाचता आली असं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंतचं बरंचसं गावदप्तर मोडीत आहे. मोडी शिकायला वाटतं तितकी अवघड नाही, पण दुसऱ्याचं घाईचं मोडी वाचायला सराव लागतो. पैसे मोजून वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त एका ओळीचं न घेता पूर्ण पानाचं घ्या. त्याच लेखकाचा ‘स’ आणि ‘म’ बाकीच्या ओळींत कसा आहे हे बघितल्याशिवाय तुमच्या ओळीतला शब्द नक्की होत नाही.

सालाचंही तसंच. शके असेल तर ७८ मिळवा. शिवाजी महाराज गेले ते शके १६०२, म्हणजे इसवी सन १६८०. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात, कारण मधे इंग्रजी वर्ष पालटतं. मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, तिथे फसली साल. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. तिथले महिनेही इराणी नावांचे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार. कागद उर्दूत. औरंगाबाद-बीडकडचे लोक यामुळे फार लवकर हात टेकतात, पण जिल्ह्याच्या गावी उर्दू वाचणारी म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि चहावर काम होतं.

आजचा कायदा, आणि त्यातली एक खोच

सध्याची पद्धत १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हाच निबंधक. मृत्यू झाला की २१ दिवसांत कळवायचं. नमुना २ म्हणजे मृत्यूची खबर, आणि नमुना ६ म्हणजे आपण ज्याला मृत्यूचा दाखला म्हणतो तो. २१ दिवसांनंतर ३० पर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. उशिराच्या नोंदींत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारींनंतर महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ही वाट आणखी अरुंद केली. तेव्हा जुन्या मृत्यूची नोंद सापडत नसेल तर आधी ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यायचा आणि मगच पुढचा अर्ज.

आता खोच. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस कुठे राहत होता याला किंमत नाही. गावचा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात गेला की नोंद नगरपालिकेत, पुण्याला गेला तर महापालिकेत. अग्नी मात्र गावी आणून दिलेला असतो, दहावं-तेरावं गावी, म्हणून घरचे ग्रामपंचायतीतच खेटे घालत राहतात. मी पाहिलेल्या ‘नोंदच नाही’ म्हणणाऱ्या दहांतल्या सहा-सात प्रकरणांत माणूस दुसऱ्या गावी गेलेला निघाला. हा काही अभ्यास नव्हे, ओळखीपाळखीतला अनुभव आहे, पण प्रश्न आधी हाच विचारावा: शेवटचा श्वास कुठे घेतला?

याच कायद्यात एक कलम मला फार आवडतं. प्रेताची विल्हेवाट लावण्यासाठी राखलेल्या जागेचा जो रखवालदार किंवा मालक असेल, त्याच्यावरही निबंधकाला कळवायची जबाबदारी टाकलेली आहे. शहरात हे चालतं. तिथे वैकुंठात, म्हणजे स्मशानभूमीत, खिडकी असते, रजिस्टर असतं, पावती मिळते आणि ती पावती दाखवून दाखला निघतो. गावात कोण आहे? ओढ्याकाठी चार खांब, वर पत्रा, खाली लोखंडी जाळी. गावाच्या नकाशावर ती जागा असते, सातबाऱ्यावर ‘पोटखराब ब’ मध्ये, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या बिनपिकाच्या जमिनीत, तिचं क्षेत्र असतं, पण रखवालदार म्हणून एक कुत्रंसुद्धा नसतं. कायद्याने धरलेला शेवटचा साक्षीदारच गावात अस्तित्वात नाही. जमीन नाही, विमा नाही, पेन्शन नाही, अशा माणसाचं मरण इथूनच निसटतं.

आणि हो, दाखल्यावर मरणाचं कारण शोधू नका. ते लपवलेलं नसतं, द्यायचंच नाही असं कायदा म्हणतो. नोंदवहीच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करता येत नाही.

ज्यांचे दगड उरतात

सगळ्यांचीच राख होते असं नाही. लिंगायतांत मृताला बसवून समाधी देतात, इष्टलिंग हातात ठेवून. नाथपंथी, गोसावी बसवतात. महानुभाव पुरतात. लहान मूल कुणाचंही असलं तरी बहुतेक ठिकाणी पुरतातच. मुसलमानांच्या कबरस्तानात बहुतेक कबरी कच्च्या, मातीच्या. नाव कोरलेला दगड हा अपवाद. ख्रिस्ती दफनभूमीत दगड असतो, पण वसईत काय किंवा गोव्यात काय, जागा अपुरी म्हणून तीच कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी काढून दुसरीकडे ठेवतात. म्हणजे तिथेही खरा आधार दगड नसून चर्चची वही. गोव्यात १९१४ पासून सगळ्यांसाठी सरकारी नागरी नोंदणी सुरू झाली. त्याआधीचं बघायचं तर चर्चची रजिस्टरं, पोर्तुगीजमधली, ज्यांत ‘ओबितु’ हा शब्द दिसला की समजायचं हे मरणाचं पान.

इंग्रजांचं मात्र बघा. महाबळेश्वरच्या थंड हवेत बरं व्हायला आलेले मुंबई इलाख्याचे सरसेनापती सर सिडनी बेकविथ तिथेच १८३१ च्या जानेवारीत वारले. त्यांचं स्मारक आहेच, पण मुंबई इलाख्यातल्या दफनांची यादी दर वर्षी नक्कल होऊन लंडनला जायची आणि ती आज ब्रिटिश लायब्ररीत क्रमवार लावलेली आहे. त्यात साध्या शिपायाचं तापाने गेलेलं तान्हं मूलही नावानिशी सापडतं. त्याच हिवाळ्यात, त्याच घाटाखाली गेलेली आपली माणसं कुठल्याच यादीत नाहीत.

दगडांमधे मला सगळ्यात जवळचे वाटतात ते कोकणातले बेने इस्रायलींचे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात हे लोक शेकडो वर्षं राहिले. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून: पेणकर, केहीमकर, चेऊलकर, नवगावकर. अलिबागजवळ नवगावला त्यांची मूळ दफनभूमी. जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना इथे पुरलं, पुरुषांचा एक उंचवटा आणि बायकांचा दुसरा, अशी त्यांची कथा. त्यांच्या नंतरच्या थडग्यांवर वर हिब्रू आणि खाली चांगली घोटीव मराठी असते. तिथे साल पाच हजारांच्या घरातलं दिसलं तर दचकू नका. ३७६० वजा केले की इसवी सन येतं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता तिकडची नातवंडं येतात, गवत बाजूला सारतात आणि दगडावरची मराठी वाचून दाखवायला गावातल्याच कुणाला तरी बोलावतात.

त्याहून जुने दगड म्हणजे वीरगळ. देवळाबाहेर शेंदूर फासून ठेवलेला चौकटींचा दगड आपण सगळ्यांनी बघितलाय. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला माणूस, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यांत वर चंद्रसूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीचा दगड. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांवरच्या लढाईचे वीरगळ आहेत. मरणाची ही आपली सगळ्यात जुनी नोंद, आणि बहुतेकांवर नाव नाही. गाईंसाठी लढला की गावासाठी, एवढं समजतं. कोण, ते नाही.

त्र्यंबकची वही आणि आमची पणजी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर अशा ठिकाणच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. तुमचं आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, त्यावरून तुमचा उपाध्याय ठरतो. त्याच्या वहीत तुमच्या घरातलं कोण कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, बाप-आजा कोण, हे लिहिलेलं असतं, आणि खाली आलेल्याची सही किंवा नुसता अंगठा. एक अट आहे: घरातलं कुणीतरी तिथे गेलेलं हवं. गरिबाला त्र्यंबक परवडायचं नाही, म्हणून इथेही गाळणी लागलेलीच आहे.

आमचे पणजोबा गेले होते. १९२० सालची नोंद, चार ओळी. सोबत ‘कुटुंब’ असा शब्द, पण नाव वेगळंच. घरात कुणी कधी न ऐकलेलं. म्हणजे १९२० पर्यंत पणजोबांचं दुसरं लग्न झालेलं होतं. शाळेच्या रजिस्टरात आजोबांचा जन्म १९१५ चा. अठरा-एकोणीस वर्षांचा शोध एकदम पाच वर्षांवर आला. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा १९३४ चा फेरफार आमच्याकडे होताच. त्यात विधवा म्हणून हीच दुसरी, आणि आजोबा ‘पहिलीपासून झालेला’.

मग कोतवाल बुक, १९१५ ते १९२०. नकला मिळायला तीन महिने आणि चार फेऱ्या लागल्या. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी पानं पुढ्यात घेतली आणि १९१८ च्या ऑक्टोबरवर येऊन थांबले. तोवर एका पानावर चार-पाच महिने मावत होते. या महिन्याला चार पानं लागली होती. अक्षर मधेच बदललेलं, बहुधा लिहिणाराच आजारी पडला असावा. गुरुजी बोट ठेवून वाचत गेले: ताप, ताप, ताप, ताप. तिसऱ्या पानाच्या तळाशी पणजोबांचं नाव आणि पुढे, ‘याची बायको, वय २५, ताप’. तिचं स्वतःचं नाव नाही. लगेच खालच्या ओळीत त्याच घरची ‘मुलगी, वय १ महिना’. या मुलीबद्दल आमच्या घरात आजवर कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं.

घरी येऊन काकूला सगळं सांगितलं. तारीख सांगितली, तिथीही काढून दाखवली, आश्विनातली. ती वाटणातला हात न काढता ऐकत होती. मग म्हणाली, “असेल. पण पान नवमीलाच वाढायचं. आणि यंदापासून शेजारी एक लहान वाढू, वड्याचा घास तिलाही.”